फ्रीड्रिख रायफायझन यांचें चरित्र: दुष्काळानंतर संसार कसे उभे राहिले

शेजारच्या गांवावर संकट आलें, नदीला पूर आला, भूकंप झाला अथवा पावसानें पाठ फिरविली, म्हणजे आमच्या मंडळ्यांतून दानाची पेटी फिरूं लागते. उपासनेनंतर धान्य गोळा होतें, भगिनी कापडाचीं गांठोडीं बांधून आणितात, तरुण बंधु गाडी भरून निघतात. हें सर्व चांगलें आहे व देवाला मान्य आहे. परंतु गाडी रिकामी होऊन परत आल्यावर त्या घराचें पुढें काय होतें, हा प्रश्न फार थोडे लोक विचारितात. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. परंतु त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, पुढील दिवसांच्या खर्चाची तजवीज केली, आणि अधिक लागल्यास परत येतांना देण्याचें पत्करलें, हा त्या दृष्टांताचा उत्तरार्ध आम्ही विसरतों.

ह्या उत्तरार्धासाठीं ज्या एका ख्रिस्ती गृहस्थांनीं आपलें आयुष्य वेंचिलें त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावें असें आमच्या मनांत आहे. ते पाळक नव्हते, मिशनरी नव्हते, आणि धनवान तर मुळींच नव्हते. ते जर्मनी देशांतील कांहीं गरीब खेड्यांचे सरकारी कारभारी होते. त्यांचें नांव फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन. आमच्या ज्या शेतकरी बंधूंनीं गांवच्या सोसायटीकडून बीबियाण्यासाठीं कर्ज घेतलें असेल, त्यांनीं हें नांव कदाचित् ऐकलें नसेल. तरी त्यांच्या परिश्रमाचें फळ त्यांनीं चाखलें आहे.

रायफायझन यांचा जन्म 30 मार्च 1818 रोजीं झीग नदीच्या कांठीं हाम ह्या गांवीं झाला. हा मुलूख ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत येतो. तेथील जमीन हलकी व हिंवाळा कडक. आमच्याकडे जशा वांटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडतात तसे तेथेंही पडले होते, व एका कुटुंबाच्या वांट्याला येणाऱ्या जमिनींत वर्षाची बेगमी होणें कठीण असे. रायफायझन हे नऊ भावंडांपैकीं सातवे. वडील शेती करीत व कांहीं काळ गांवचा कारभारही पाहत. परंतु मुलें लहान असतांनाच त्यांची प्रकृति ढासळली व सर्व संसाराचा भार आईवर पडला. ती देवभीरु व कष्टाळु स्त्री होती. मुलाला पुढील शिक्षणासाठीं मोठ्या शाळेंत पाठविण्याचें सामर्थ्य घरांत नव्हतें. तेव्हां गांवचे पाळक झायपेल यांनीं त्याला आपल्याजवळ शिकविलें. विद्यापीठाची पदवी त्यांना कधींच मिळाली नाहीं. पवित्र शास्त्राचा अभ्यास, हिशेबाची शिस्त आणि गरिबीचा स्वतांचा अनुभव, एवढ्या शिदोरीवर ते घराबाहेर पडले.

सतराव्या वर्षीं, म्हणजे 1835 सालीं, ते तोफखान्यांत भरती झाले. तेथें त्यांनीं मन लावून चाकरी केली व त्यांना बढतीची आशा होती. परंतु डोळ्यांचा विकार जडला आणि 1843 सालीं लष्कर सोडणें भाग पडलें. हा विकार त्यांना जन्मभर सुटला नाहीं. ज्या मार्गानें जाण्याचें मनुष्य योजितो तो मार्ग देव कधीं कधीं बंद करितो, आणि तो कां बंद केला हें पुष्कळ वर्षांनीं कळतें. रायफायझन मुलकी खात्यांत आले, आणि 1845 सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, वायरबुश व आसपासचीं खेडीं यांवर बर्गरमाईस्टर म्हणून नेमले गेले. हा अधिकारी आमच्याकडील पाटील व मामलेदार यांच्या मधला समजावा. त्याच वर्षीं एमिली श्टोर्क ह्या स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला.

नव्या कारभाऱ्याचें पहिलें वर्ष संपतें न संपतें तोंच संकट आलें. 1845 सालापासून युरोप खंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडूं लागला होता. जमिनींतील बटाटे काळे पडून कुजत. आयर्लंड देशांत ह्या रोगानें जो हाहाकार उडविला, त्यांत सुमारें दहा लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं. वेस्टरवाल्डच्या गरिबांचेंही मुख्य अन्न बटाटे व राय नांवाच्या धान्याची भाकर हेंच होतें. आणि 1846 सालीं रायचें पीकही बुडालें. धान्याचे भाव चढले. ज्याच्या घरीं पीक आलें नाहीं त्याच्या हातीं पैसाही नव्हता. कारण त्याचें पीक हेंच त्याचें अन्न व तीच त्याची कमाई होती. येथें वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. दुष्काळांत मनुष्य उपाशी मरतो तो नेहमीं बाजारांत धान्य नसतें म्हणूनच मरतो असें नाहीं. पुष्कळदां धान्य असतें, परंतु तें विकत घेण्याची त्याची शक्ति नाहींशी झालेली असते. आमच्याच देशांतील अर्थशास्त्री अमर्त्य सेन यांनीं 1981 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हीच गोष्ट अनेक दुष्काळांचा अभ्यास करून दाखविली. रायफायझन यांना ती 1846 च्या हिंवाळ्यांत आपल्या खेड्यांतील चुलींपाशीं शिकावी लागली.

प्रशियाच्या सरकारनें आपल्या कोठारांतून धान्य पाठविलें, परंतु तें रोख पैसे घेऊन विकावें अशी अट घातली. रोख पैसा असता तर त्या लोकांना सरकारी कोठाराची गरज कां पडली असती? रायफायझन यांनीं गांवांतील बऱ्या स्थितीच्या लोकांस एकत्र बोलाविलें व गरिबांच्या साह्यासाठीं एक कमिटी नेमिली. ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं त्यांना चिठ्ठी लिहून घेऊन उधारीवर देण्याचें ठरलें. ह्यांत सरकारी हुकमाचा भंग होता व जोखीम कारभाऱ्याच्या माथीं होती. पुढें ह्या लोकांनीं आपसांत पैसा जमविला, बाहेरून धान्य विकत आणिलें, गांवांत एक सार्वजनिक भट्टी बांधिली आणि तेथें भाकरी भाजून त्या गरिबांस स्वस्त दरानें व उधारीवर दिल्या. ह्या मंडळाला वायरबुशचा भाकरसंघ असें नांव पडलें. वसंत ऋतु आला तेव्हां पेरणीसाठीं बटाट्याचें बियाणेंही ह्याच रीतीनें पुरविण्यांत आलें. कारण बियाणें खाऊन बसलेलें घर पुढच्या हिंवाळ्यांत पुन्हां उपाशी राहणार हें उघड होतें. पुढील पीक चांगलें आलें आणि घेणारे आपलें देणें फेडूं लागले.

ह्या कामांतील एक बारकावा आमच्या मंडळ्यांनीं ध्यानांत धरावा. त्यांनीं भाकर फुकट वाटली नाहीं. ज्याला द्यावयाचें त्याची खरी स्थिति गांवच्याच लोकांनीं पाहिली, आणि त्याला भिकारी न मानतां आज अडचणींत असलेला व उद्यां फेडूं शकणारा शेजारी मानिलें. उधारीची चिठ्ठी देणाऱ्या मनुष्याची मान ताठ राहते. संकटांत माणसाचें घर जातें, गुरें जातात, पण त्याची अब्रू शिल्लक असेल तर तो पुन्हां उभा राहूं शकतो.

1848 सालीं रायफायझन यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथें झाली. दुष्काळ सरला होता. शेतें पिकूं लागलीं होतीं. बाहेरून पाहणाऱ्यास वाटलें असतें कीं आतां साह्याची गरज उरली नाहीं. परंतु घरांच्या आंत पाहिलें असतां निराळेंच दिसत होतें. वाईट वर्षांत ज्यांनीं गाय किंवा बैल विकला त्यांच्या गोठ्यांत दावणी रिकाम्या होत्या. जनावर नाहीं म्हणजे नांगरट नाहीं, खत नाहीं, मुलांना दूध नाहीं. बाजारांत जनावरें नव्हतीं असें नाहीं. जनावरें पुष्कळ होतीं. परंतु तीं घेण्यासाठीं शेतकऱ्याला सावकाराकडे व गुरांच्या व्यापाऱ्याकडे जावें लागे. व्यापारी गाय गोठ्यांत बांधून जाई, पण मालकी आपल्याकडे ठेवी. चारा शेतकऱ्यानें घालावा, राखण शेतकऱ्यानें करावी, आणि नफ्याचा वांटा व्यापाऱ्यानें न्यावा. आमच्याकडे शेळी अर्धलीनें देतात तशांतलाच हा प्रकार, पण फार अधिक जाचक. हप्ता चुकला कीं गाय गेली, आणि कधीं कधीं गायीमागोमाग शेतही गेलें. दुष्काळानें जें घर अर्धें पाडलें होतें तें व्याजानें पुरतें पडत होतें.

ह्या स्थितीवर भाकर हा उपाय नव्हता. म्हणून रायफायझन यांनीं येथें भट्टी बांधिली नाहीं. 1 डिसेंबर 1849 रोजीं त्यांनीं गरीब शेतकऱ्यांच्या साह्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें. गांवांतील सुमारें साठ खाऊनपिऊन सुखी असलेल्या गृहस्थांनीं त्यांत आपलीं नांवें घातलीं आणि मंडळानें काढलेल्या कर्जास आम्ही सर्व मिळून जामीन आहों असें लिहून दिलें. ह्या जामिनकीवर मंडळाला रास्त व्याजानें पैसा मिळाला. मंडळानें त्यांतून जनावरें विकत घेतलीं आणि गरीब शेतकऱ्यांस दिलीं. किंमत पांच वर्षांच्या हप्त्यांनीं फेडावयाची. पुढें जनावराऐवजीं रोकड कर्जही देण्यांत येऊं लागलें.

आतां ह्या दोन कामांची तुलना करावी. मनुष्य तोच, त्याचा विश्वास तोच, प्रदेशही जवळजवळ तोच. पण वायरबुशला एक उपाय आणि फ्लामर्सफेल्डला दुसरा. पहिल्या ठिकाणीं बाजारांतला माल दुर्मिळ व महाग झाला होता, म्हणून बाहेरून धान्य आणणें योग्य होतें. दुसऱ्या ठिकाणीं माल होता, पण त्याच्या दारांत व्याजाची धोंड पडली होती. तेथें बाहेरून गाई आणून वाटण्याची गरज नव्हती, ती धोंड बाजूला सारण्याची होती. आणखी एक तिसरी अडचण त्यांनीं ओळखली. डोंगरांतील खेड्यांतून ऱ्हाईनच्या कांठच्या गांवांकडे जाणारे रस्ते फार वाईट होते. पिकलेला माल बाजारास पोंचत नसे, आणि पोंचला तरी वाहतुकीच्या खर्चानें नफा खाऊन टाकी. रायफायझन यांनीं आपल्या कारकिर्दींत खेड्यांना जोडणारा रस्ता ऱ्हाईनकडे नेण्यासाठीं मोठी खटपट केली. हाम गांवापासून नॉयवीडपर्यंतच्या त्या रस्त्याला पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. शाळाही त्यांनीं बांधविल्या. आधीं घर कशावर जगतें तें पाहावें, मग बाजारांत काय मिळतें व काय मिळत नाहीं तें पाहावें, आणि मग हात पुढें करावा, हा क्रम त्यांच्या सर्व कामांत दिसून येतो.

1852 सालीं ते नॉयवीड शहराजवळील हेडेसडोर्फ येथें गेले, व 1854 सालीं तेथें त्यांनीं एक धर्मादाय मंडळ काढिलें. त्याचा पसारा मोठा होता. टाकून दिलेल्या मुलांचा सांभाळ, बेकारांस काम, तुरुंगांतून सुटलेल्यांना धंद्यास लावणें, गुरांसाठीं कर्ज, हें सर्व त्यांत होतें. हेतु उत्तम होता. तरी हळूहळू मंडळाचें तेज उतरूं लागलें. सभासद सर्व श्रीमंत, आणि कर्ज घेणारे सर्व गरीब. जे जामीन राहिले होते त्यांना स्वतांस कांहीं नको होतें, म्हणून त्यांचा उत्साह ओसरला. ज्यांना हवें होतें त्यांना मंडळांत स्थान नव्हतें, म्हणून त्यांना तें आपलें वाटत नसे. एकेक श्रीमंत सभासद आपलें नांव काढून घेऊं लागला.

रायफायझन यांच्या आयुष्यांतील खरी कसोटी ही होती. ख्रिस्ती प्रीति पुरेशी आहे, श्रीमंतांचीं मनें द्रवलीं म्हणजे गरिबांचे प्रश्न सुटतील, असा त्यांचा फार दिवसांचा विश्वास होता. तो विश्वास अपुरा ठरला हें कबूल करणें त्यांना सोपें गेलें नाहीं. परंतु त्यांनीं तें कबूल केलें. 1862 सालीं आनहाउझन येथें, आणि 1864 सालीं हेडेसडोर्फ येथें, नव्या पायावर पतसंस्था उभ्या राहिल्या. नवा नियम हा कीं ज्याला कर्ज पाहिजे त्यानें स्वतां सभासद झालें पाहिजे, आणि सर्व सभासदांनीं एकमेकांच्या कर्जास आपल्या सर्व मालमत्तेनिशीं जामीन राहिलें पाहिजे. त्यांनीं प्रीतीचा त्याग केला नाहीं. वरून खालीं वाहणाऱ्या प्रीतीला त्यांनीं शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे वाहावयास लाविलें.

ह्या संस्थांची रचना आमच्या वाचकांस समजावी म्हणून थोडक्यांत सांगतों. संस्थेचें क्षेत्र लहान असावें, बहुधा एका पाळकाच्या मंडळीएवढें. कारण एवढ्या क्षेत्रांत प्रत्येकाला प्रत्येकाचें घर माहीत असतें. कोणाचें शेत किती, कोणाची म्हैस आटली, कोण मेहनती आहे, कोणाला दारूचा नाद आहे, हें कागद न पाहतां कळतें. कर्ज कशासाठीं पाहिजे हें विचारलें जावें, व घर उभें करणाऱ्या कामासाठींच तें दिलें जावें. मुदत अशी असावी कीं शेतकरी आपल्या पिकांतून फेडूं शकेल. पंचांनीं पगार घेऊं नये. फक्त हिशेबनिसास मोबदला मिळावा. नफा वांटून खाऊं नये. त्याचा राखीव निधि व्हावा आणि तो कधींही फोडतां येऊं नये, म्हणजे पुढच्या दुष्काळांत तो कामीं येईल. पुढें ह्याच संस्थांनीं बियाणें, खत व अवजारें एकत्र खरेदी करण्यास आरंभ केला. एकटा शेतकरी बाजारांत गेला कीं भाव दुकानदार सांगतो. गांव मिळून गेलें कीं भावाची बोलणी होऊं शकते.

हें काम चालू असतां घरावर दुःखें कोसळत होतीं. मुलांपैकीं कांहीं बालपणींच वारलीं होतीं. 1863 सालीं पत्नी एमिली देवाघरीं गेली. स्वतांची प्रकृति ढासळली, दृष्टि मंद होत चालली, आणि 1865 सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांना कारभार सोडावा लागला. निवृत्तिवेतन तुटपुंजें. संसार चालविण्यासाठीं त्यांनीं आधीं विड्या, म्हणजे सिगार, करण्याचा लहान कारखाना काढिला, व नंतर द्राक्षारसाचा व्यापार केला. दुसऱ्यांच्या उपजीविकेची चिंता वाहणाऱ्या ह्या मनुष्याला स्वतांच्या उपजीविकेसाठीं धंदे बदलावे लागले. त्यांची वडील मुलगी अमालिया त्यांचे डोळे व त्यांचा हात झाली. ते सांगत व ती लिहून घेई. अशा रीतीनें 1866 सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. खेड्यांतील लोकांचें दारिद्र्य पतसंस्थांनीं कसें दूर करावें हा त्याचा विषय. त्यांत संस्था कशी काढावी व हिशेब कसा ठेवावा हें आपल्या अनुभवावरून सांगितलें होतें, म्हणून गांवोगांवचे पाळक, शिक्षक व शेतकरी तें वाचून कामास लागले.

विरोधही झाला. जर्मनींतच हर्मान शुल्झ-डेलिच नांवाचे दुसरे थोर गृहस्थ होते. त्यांनीं शहरांतील कारागिरांसाठीं पतपेढ्या काढिल्या होत्या. त्यांचें म्हणणें असें कीं थोड्या मुदतीच्या ठेवी घेऊन लांब मुदतीचीं कर्जें देणें धोक्याचें आहे. रायफायझन यांचें म्हणणें असें कीं गाईचें वासरूं तीन महिन्यांत गाय होत नाहीं, म्हणून शेतकऱ्याचें कर्जही तीन महिन्यांत फिटूं शकत नाहीं. दोघेही आपापल्या परीनें खरे होते, कारण एकाच्या डोळ्यांपुढें चांभाराचें दुकान होतें व दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें शेत. धंदा जसा असेल तसें साह्य असावें, हाच बोध ह्या वादांतूनही निघतो. लहान संस्थांना आधार म्हणून रायफायझन यांनीं 1872 सालीं नॉयवीड येथें एक मध्यवर्ती पेढी स्थापिली. कायद्याच्या अडचणीमुळें तिचें रूप पुढें बदलावें लागलें. पण खेड्यांचा एकमेकांस आधार असावा हा विचार टिकला. जेथें एका गांवीं गारपीट झाली तेथें दुसऱ्या गांवची शिल्लक उपयोगी पडूं लागली.

11 मार्च 1888 रोजीं, सत्तरावा वाढदिवस अवघ्या कांहीं दिवसांवर असतां, त्यांनीं देह ठेविला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें भुकेल्यांस व वस्त्रहीनांस केलेलें साह्य आपणांसच केलेलें मानिलें आहे. तें वचन त्यांच्या कार्याचा पाया होता. त्यांच्या मागें संस्था देशोदेशीं पसरल्या, आणि 2016 सालीं युनेस्कोनें सहकारी संस्थांचा विचार व व्यवहार मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत नोंदविला.

आमच्या महाराष्ट्राशीं ह्या चरित्राचा संबंध दूरचा नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें दख्खनच्या कापसाला भाव चढला होता; 1865 सालीं तें युद्ध संपलें आणि भाव कोसळले. कर्जें मात्र राहिलीं. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठून खतें जाळलीं. त्या पाठोपाठ 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ आला. 1879 सालीं सरकारनें शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा केला. पण सावकाराचा हात धरला म्हणून शेतकऱ्याच्या हातांत बियाण्याचा पैसा येत नाहीं. पुढें मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन ह्या अधिकाऱ्यास युरोपांतील पतसंस्था पाहण्यास पाठविलें. 1895 सालीं त्यांनीं जो अहवाल दिला त्याचें सार असें कीं हिंदुस्थानानें आपल्यांत एखादा रायफायझन शोधून काढावा. 1904 सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 1905 सालीं, त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत, गदगजवळील कणगिनहाळ येथें पहिल्या संस्थांपैकीं एक निघाली, आणि तेथून पुढें महाराष्ट्राच्या गांवोगांवीं सोसायट्या झाल्या.

ह्या सोसायट्यांचें सर्व कांहीं चांगलें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं बड्या घराण्यांनीं त्या बळकावल्या, थकबाकी वाढली, आणि गरजूला उंबऱ्यावरूनच परत पाठविण्यांत आलें. शेजारी शेजाऱ्यास ओळखतो व त्याच्यासाठीं जामीन राहतो, हा पाया जेथें सुटला तेथें इमारत कलली. परंतु दोष पायाचा नव्हता.

आतां आमच्या मंडळ्यांविषयीं दोन शब्द. 1993 सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर व 2019 सालच्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानंतर आमच्या लोकांनीं उदार हातांनीं दिलें. पुन्हां संकट येईल तेव्हां पुन्हां देतील याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमची विनंति एवढीच कीं, पहिले दिवस अन्न, पाणी व निवारा पोंचविल्यावर, दुसरी गाडी भरण्यापूर्वीं पंचांपैकीं दोघा-तिघांनीं, त्यांत एक तरी भगिनी असावी, घरोघरीं जाऊन बसावें व विचारावें. संकटापूर्वीं हें घर कशावर जगत होतें? त्यांतलें काय गेलें व काय उरलें? शेत असलेल्याचें बियाणें गेलें असेल, परंतु शेत नसलेल्या मजुराची मजुरी गेली असेल, आणि तिचा पंचनामा कोणी करीत नाहीं. शिवणाऱ्या भगिनीचें यंत्र चिखलांत गेलें असेल. तिला चौथें पांघरूण देऊन काय उपयोग? विधवेच्या दोन शेळ्या हीच तिची पेढी असेल.

मग बाजारांत जावें. दुकान उघडें आहे काय? धान्याचा भाव संकटापूर्वीं किती होता व आज किती आहे? रस्ता सुरू आहे काय? माल आहे पण लोकांजवळ पैसा नाहीं, अशी स्थिति असेल तर बाहेरून पोतीं आणून ओतल्यानें गांवचा लहान दुकानदारही बुडेल. तेथें काम द्यावें, पैसा द्यावा, किंवा उधारीची सोय करावी. माल मुळींच नसेल तर पैसा देऊन केवळ भाव चढतील. तेथें धान्य न्यावें. आणि शेवटीं, ह्या घराच्या डोक्यावर कोणाचें कर्ज आहे व त्याचें व्याज काय, हें हळुवारपणें विचारावें. कारण पुष्कळ घरें पुरांत टिकतात व नंतर व्याजांत वाहून जातात.

हें विचारणें म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभु येशूनेंही यरीहोच्या आंधळ्यास, तो आंधळा आहे हें दिसत असतां, त्याला काय पाहिजे तें आधीं विचारलें. ज्याला साह्य करावयाचें त्याचें तोंड आधीं उघडूं द्यावें, हा त्याच्या मानाचा भाग आहे.

प्रत्येक मंडळींत एक लहानशी वहीं व एक लहानसा राखीव निधि असावा. चांगल्या वर्षीं प्रत्येक घरानें सुगीच्या वेळीं त्यांत थोडें टाकावें. गरिबांनींही टाकावें, म्हणजे तो निधि त्यांचा होईल. वाईट वर्षीं त्यांतून बियाण्याला, शेळीला, अवजाराला उसनें द्यावें, आणि ज्याला फेडणें खरोखरच अशक्य आहे त्याला पंचांनीं विचार करून माफ करावें. हें काम सुरू करण्यास विद्वत्ता किंवा मोठी रक्कम लागत नाहीं. अर्धवट दृष्टीच्या एका कारभाऱ्यानें तें एका भट्टीपासून सुरू केलें. येत्या पंचसभेंत हा विषय मांडावा, व ज्या मंडळ्या आरंभ करितील त्यांनीं आपला अनुभव ह्या पत्राकडे लिहून पाठवावा, म्हणजे इतरांस त्यापासून शिकतां येईल.